जाळीआडून पाहताना

प्रस्तावना

मास्कवर चेंडू आदळल्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. स्टीलच्या जाळीवर बसला तर टण्णकन घंटा वाजते, टायटॅनियमवर कोरडा टक् होतो आणि कवचवाल्या हेल्मेटवर बसला की न्हाणीघरात बादली पडल्यासारखं वाटतं. बघणाऱ्याला यात गंमत वाटते. आत ज्याचं डोकं असतं, त्याला आवाजानंतरचं अर्धं मिनिट जास्त लक्षात राहतं.

माझं ते अर्धं मिनिट न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या मैदानावर गेलं. मुलगा लहान मुलांच्या लीगमध्ये खेळायचा. एका शनिवारी अंपायर आलाच नाही. पालकांत कुजबुज झाली आणि आपल्यातलीच एक वहिनी म्हणाली, "भाऊ, तुम्ही नागपूरला सॉफ्टबॉल खेळलाय ना? मग उभे राहा की!" राहिलो. सामानाच्या पिशवीतून एक मास्क निघाला. पट्ट्याचं इलॅस्टिक मेलेलं, गादी पापडासारखी चपटी. तिसऱ्या डावात बारा वर्षांच्या एका पोराच्या बॅटीची कड घेऊन चेंडू सरळ मागे आला. मास्क वर सरकला, चष्म्याची दांडी नाकात रुतली. नाक आठवड्यात बरं झालं. पण वाचताना अक्षरं हलायची, ती पुढे कितीतरी दिवस. डॉक्टरांनी त्याला मेंदूचा हादरा म्हटलं. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "आता स्वतःचा घेणार आहेस की पुन्हा पिशवीतलाच?"

घ्यायचं ठरवलं. मग कोणता घ्यावा म्हणून पाच अनुभवी अंपायरांना विचारलं आणि सहा उत्तरं मिळाली. हे पुस्तक त्या सहा उत्तरांतून निघालं आहे.

बेसबॉल न पाहिलेल्या वाचकाला आधी जागा दाखवायला हवी, कारण सगळा घोळ त्या जागेचा आहे. क्रिकेटचा पंच गोलंदाजाच्या टोकाला, फलंदाजापासून वीस मीटरवर उभा असतो. बेसबॉलचा प्लेट अंपायर दुसऱ्या टोकाला, कॅचरच्या पाठीशी असतो. बुमरा पूर्ण वेगात टाकतो आहे, यष्टिरक्षक यष्ट्यांना चिकटून बसला आहे आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकं पुढे काढून प्रत्येक चेंडू निरखता आहात, अशी कल्पना करा. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, १८.४४ मीटरवर. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून जरासा हलका. वरच्या दर्जाच्या खेळात तो ताशी १४५ किलोमीटर किंवा त्याहूनही वेगाने येतो. बॅटला लागलाच नाही तर तो कॅचरच्या हातमोज्यात जातो. बॅटच्या मधोमध लागला तर मैदानात. पण नुसता ओझरता लागला, तर दिशा थोडीशीच बदलते, वेग फारसा कमी होत नाही आणि पुढच्या दोनेक मीटरांत तुमचा चेहरा असतो. पापणी मिटायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही मिळत नाही. म्हणून अंपायरला पहिला धडा मिळतो तो हलायचं नाही हा. मान वळवली की कान, कानामागचं हाड, गळ्याची बाजू उघडी पडते. संरक्षण आहे ते समोर.

नियमपुस्तकात ज्याला फाउल टिप म्हणतात, तो बॅटला ओझरता लागून कॅचरने थेट झेललेला चेंडू. अंपायरला लागतो तो साधा फाउल. तरीही मैदानावर कोणीही अंपायर "फाउल टिप लागला" असंच म्हणतो. पुस्तकात मीही तसंच म्हटलं आहे. नियमांच्या कट्टर अभ्यासकांनी माफ करावं.

अंपायर इतक्या जवळ आला कसा, याची कथा मास्कपासूनच सुरू होते. सुरुवातीच्या हौशी काळात तो बाजूला उभा राही, कधी खुर्ची टाकून बसे. कॅचरही बराच मागे उभा राहून टप्पा पडलेला चेंडू उचलायचा. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघातल्या फ्रेड थेअरने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी तारेची जाळी करून घेतली. जेम्स टिंग या कॅचरने ती १८७७ मध्ये सामन्यात घातली आणि १२ फेब्रुवारी १८७८ रोजी थेअरला पेटंट मिळालं. लोक हसले. पिंजरा म्हणाले, उंदराचा सापळा म्हणाले. (आपल्याकडे गावसकरांनी टोपीखाली कवटीएवढं कवच घालायला सुरुवात केली तेव्हाही टिंगल करणारे होतेच.) पण पिंजरा घातल्यावर कॅचर बॅटरच्या मागे येऊन बसू लागला. १८८४ मध्ये पिचरला खांद्यावरून चेंडू फेकायला मोकळीक मिळाली, वेग वाढला आणि आत-बाहेरचा निवाडा करायचा तर पंचालाही तिथेच यावं लागलं. १८९३ मध्ये पिचर आजच्या अंतरावर गेला. म्हणजे मास्कने अंपायरला वाचवलं खरं, पण त्याला धोक्यात आणून उभं करणाराही मास्कच. या विषयाची मला लागलेली ओढ याच गाठीपासूनची आहे.

विसाव्या शतकातलं मोठं भांडण चेहऱ्याचं नव्हतं, छातीचं होतं. पण त्याचा परिणाम चेहऱ्यावर झाला, म्हणून ते सांगतो. व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी नॅशनल लीगमध्ये बिल क्लेम या दबदब्याच्या अंपायरने शर्टाआतलं चिलखत रूढ केलं. त्यामुळे त्याला कॅचरच्या खांद्याच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीत शिरून पाहता येई. या फटीला अंपायर आजही 'स्लॉट' म्हणतात. अमेरिकन लीगमध्ये टॉम कॉनलीच्या परंपरेतले अंपायर हातात धरायची फुगीर ढाल वापरत आणि कॅचरच्या डोक्यावरून पाहत. क्लेम आणि कॉनली दोघेही १९५३ मध्ये एकदमच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, हा योगायोग मला आवडतो. दोन लीगांत स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू 'आत' धरायची चौकट, वेगळा दिसतो, एकीकडे खालचा चेंडू मिळतो, दुसरीकडे वरचा, अशी तक्रार खेळाडू वर्षानुवर्षं करत. त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी ही ढाल होती. १९७७ पासून अमेरिकन लीगच्या नव्या अंपायरांना आतलं चिलखत सक्तीचं झालं. जुन्यांना सवलत होती आणि ढाल वापरणारा शेवटचा अंपायर, जेरी न्यूडेकर, १९८५ मध्ये निवृत्त झाला.

ढालीला एक फायदा होता, तो ती गेल्यावर कळला. हनुवटी तिच्या वरच्या कडेआड लपवता येई. ढाल गेली आणि गळा उघडा पडला. नेमक्या त्याच सुमारास, सप्टेंबर १९७६ मध्ये, डॉजर्स संघाचा कॅचर स्टीव्ह येगर आपल्या पाळीची वाट पाहत उभा असताना सहकाऱ्याची बॅट तुटली आणि तिचा अणकुचीदार तुकडा त्याच्या मानेत घुसला. तो वाचला. संघाचा ट्रेनर बिल ब्यूलरने त्याच्या मास्कखाली लोंबती पट्टी लावून दिली. आज जिला थ्रोट गार्ड म्हणतात, तिचं मूळ ते. पुढे अनेक कंपन्यांनी जाळीच खाली वाढवून गळा झाकला. लोंबती पट्टी बरी की वाढवलेली जाळी, यावर अंपायर अजूनही चहाच्या कपात वादळं उठवतात.

मग हॉकी आली. बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षक जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहरा फुटल्यावर मुखवट्याशिवाय परत गोलमध्ये जायला नकार दिला आणि तिथून गोलरक्षकांचा मुखवटा रुळला. तिथलं पूर्ण डोक्याचं, समोर जाळी असलेलं हेल्मेट पाहून टोरांटोच्या बेसबॉल संघातला कॅचर चार्ली ओब्रायन याने १९९६ मध्ये तसंच बेसबॉलसाठी बनवून घेतलं. कॅचरांनी ते पटकन उचललं, अंपायरांनी सावकाश.

आज बाजारात उभं राहिलं की तीन घराणी दिसतात. गाण्यातल्या घराण्यांसारखीच ती एकमेकांना बेसूर ठरवतात.

पहिलं घराणं जुन्या मास्कचं: समोर जाळी, कपाळाला आणि हनुवटीला गादी, मागे पट्टे. त्याच्या शिष्यांचा युक्तिवाद असा की तिरका चेंडू बसला की मास्क फिरतो, कधी उडूनच पडतो, आणि त्या फिरण्यात बराच मार खर्ची पडतो. म्हणून पट्टा घट्ट आवळायचा नाही; डोळ्यासमोरची जाळी हलणार नाही इतपतच. दुसरं घराणं हेल्मेटचं. गोल कवचावरून चेंडू घसरतो. कान, टाळू, मागचा भाग झाकतो. बॅटरची बॅट फिरून मागे आली तर हेच वाचवतं. विरोधक म्हणतात उकडतं, वजन किलोच्या वर जातं, कान झाकल्यामुळे बॅटीला लागल्याची बारीक टिक ऐकू येत नाही. हा शेवटचा आक्षेप मला थट्टेचा वाटत नाही, कारण अंपायर अर्धा निर्णय कानाने घेतो. तिसरं घराणं अलीकडचं, फोर्स थ्री नावाच्या मास्कचं. जाळी आणि गादीची चौकट यांच्यामध्ये त्यात स्प्रिंगा आहेत. व्यावसायिक अंपायर राहिलेल्या माणसाने तो आणला, त्यामुळे अंपायरांनी तो लवकर मनावर घेतला.

पहिल्या घराण्यातही दोन पाती आहेत आणि त्यांच्यातलं भांडण सगळ्यात मजेशीर. टायटॅनियम की स्टील? टायटॅनियमचा मास्क अर्ध्या किलोच्या आसपास, महाग आणि दिमाखदार. स्टीलचा जड, स्वस्त. महाग तो सुरक्षित, असं आपण धरून चालतो. जरा हिशेब करून बघा. १४५ ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने आला आणि मातीच्या गोळ्यासारखा मास्कला चिकटला. मास्कमागे डोकं नाहीच, असं घटकाभर धरा. ५५० ग्रॅमचा मास्क सेकंदाला सुमारे ८.३ मीटर वेगाने मागे येईल, ८०० ग्रॅमचा ६.१ मीटरने. प्रत्यक्षात चेंडू उसळतो, पट्टे ओढतात, गादी दबते, त्यामुळे आकडे बदलतात. पण कल तोच राहतो: चेंडूचा धक्का जड मास्क स्वतःच्या अंगावर जास्त घेतो. हलका मास्क मानेला तीन तास सुखात ठेवतो आणि लागायच्या क्षणी जास्त जोरात मागे येतो. मग मधे राहते ती गादी. तिची जाडी, तिचा स्पंज, तो किती वेळात दबतो. टायटॅनियमवर घसघशीत पैसे घालून आत मूळची पातळ गादी ठेवणारे अंपायर मी पाहिले आहेत. दारात मोटार आणि टायर गुळगुळीत, असा तो प्रकार.

आकार किती महत्त्वाचा, याचं उदाहरण कोर्टातलं आहे. २००५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सामन्यात एड हिकॉक्स या अंपायरच्या मास्कवर फाउल टिप बसला. त्याला मेंदूचा हादरा बसला, कानाच्या आतल्या हाडांना इजा होऊन थोडं ऐकू येणंही गेलं. त्याने मास्क बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. मुद्दा थ्रोट गार्डच्या कोनाचा होता. ते मागे झुकायच्या ऐवजी पुढे आलेलं होतं. त्यामुळे चेंडू घसरून जायच्या ऐवजी तिथे अडकला आणि सगळा जोर एका जागी आला, असं त्याचं म्हणणं. ज्यूरीने ७ लाख ७५ हजार डॉलर दिले आणि अपिलातही निकाल टिकला. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. एका पट्टीचा काही अंशांचा कोन महत्त्वाचा आहे. दुकानात मास्क हातात घेऊन आपण वजन करतो, रंग बघतो. तो कुशीवर धरून, चेंडू कुठे अडकेल हे बोटाने शोधणारा माणूस मला क्वचितच भेटला.

एवढं सगळं झाकायचं, तर पोलादी डबाच का घालू नये? कारण अंपायरचं काम पाहण्याचं आहे. जाळीची आडवी तार बुबुळासमोर आली तर खालच्या कोपऱ्यातला चेंडू क्षणभर नाहीसा होतो. चकचकीत रंग उन्हात डोळ्यांवर येतो, म्हणून काळा, मंद रंग बरा. मला जुने धडे देणाऱ्या एका निवृत्त अंपायरने पहिल्याच दिवशी टोपी मागून घेतली आणि छज्ज्यावरची शिवण मोजली. आठ ओळी. म्हणाला, ही बेसवर उभं राहणाऱ्याची. प्लेटमागे चार ओळींची आखूड टोपी लागते, नाहीतर मास्क काढताना टोपीही निघून येते आणि उंच चेंडू शोधायच्या ऐवजी तू टोपी शोधत बसशील. मास्क काढायचा तो डाव्या हाताने, कारण उजवा हात निकाल देण्यासाठी मोकळा हवा. हे त्याने माझ्याकडून आमच्या गॅरेजसमोर चाळीस वेळा करून घेतलं. शेजारची पोरं कुंपणाशी उभी राहून मोजत होती.

हा विषय आत्ताच का काढावा? एक कारण मेंदूचं. कॅचर माइक मॅथेनी वारंवार बसलेल्या हादऱ्यांमुळे २००७ मध्ये निवृत्त झाला. २००८ मध्ये ताशी १५५ किलोमीटरच्या जवळचा चेंडू जबड्यावर बसून अंपायर कर्विन डॅनलीला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पूर्वी अशा वेळी "घंटा वाजली" म्हणून हसून पुढचा चेंडू मागायचे. आता हसत नाहीत. दुसरं कारण यंत्राचं. २०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये स्ट्राइकच्या निकालाला यंत्रापुढे आव्हान देण्याची पद्धत मंजूर झाली आहे. मला लोक विचारतात, मग अंपायर कशाला हवा, आणि मास्क तरी कशाला? पण आव्हान मोजकंच मिळतं, बाकीचे चेंडू माणूसच पाहतो आणि कॅमेऱ्याला जबडा नसतो. उभं राहायचं ते अंपायरलाच, त्याच जागी.

तिसरं कारण आपल्याजवळचं. अमेरिकेत लहान मुलांच्या लीगा पालकांच्या अंगमेहनतीवर चालतात आणि त्या पालकांत मराठी माणसं आता सर्रास दिसतात. इकडे महाराष्ट्रात शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळला जातो. नावात सॉफ्ट असलं तरी तो चेंडू १७७ ते १९८ ग्रॅमचा, बेसबॉलहून जड, आणि येतो कमी अंतरावरून. नागपूरला आमचे पंच सर कॅचरचाच जादा मास्क घालायचे, तोही आम्ही पायाने ढकलत आणलेला. आणि क्रिकेट? नोव्हेंबर २०१४ मध्ये चेंडू लागून फलंदाज फिलिप ह्यूज गेला हे सगळ्यांना आठवतं. दोनच दिवसांनी इस्रायलमधल्या अॅशडोदला चेंडू लागून एक पंच गेला, हे फार थोड्यांना. पुढच्या वर्षाच्या अखेरीस रणजी सामन्यात जॉन वॉर्ड या ऑस्ट्रेलियन पंचाच्या डोक्याला चेंडू लागला आणि जानेवारी २०१६ मध्ये कॅनबेराला भारताविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तो हेल्मेट घालून उभा राहिला. म्हणजे बेसबॉलच्या पंचांनी दीडशे वर्षांत जे शिकून घेतलं, ते क्रिकेटच्या पंचांपुढे आत्ता कुठे येतं आहे.

या पुस्तकात "सगळ्यात चांगला मास्क" सापडणार नाही. तो शोधायला मीही निघालो होतो. किमतींचे तक्ते दिलेले नाहीत. छापून होईपर्यंत ते शिळे होतात. मी प्रयत्न केला आहे तो वेगळा: स्वतःची मान, चष्मा, मैदानावरचं ऊन, समोर बारा वर्षांची मुलं आहेत की मोठे खेळाडू, आणि खिसा, हे सगळं समोर ठेवून माणसाला निवड करता यावी. माझा कल लपवत नाही. मुलांच्या सामन्यांसाठी जाड गादीचा साधा स्टीलचा मास्क पुरेसा आहे असं मला वाटतं; एकदा हादरा बसलेल्याने मात्र हेल्मेटचा विचार करावा, उकडलं तरी. स्प्रिंगवाल्याबद्दल माझं मत लिहिता लिहिता दोनदा बदललं आणि दोन्ही मतं तशीच ठेवली आहेत. गाद्या धुण्यावरचा भाग काहींना फार लांबलेला वाटेल. त्यांनी जूनमधल्या दुपारी सलग दोन सामने करून तो मास्क मोटारीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडावं.

पान उलटण्याआधी एक करा. तुमचा मास्क आत्ता घरात असेल तर आणा, हनुवटीच्या गादीत अंगठा जोरात दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरून आला तर वाचायला बसा. तो तसाच राहिला, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी नवी गादी मागवा. शनिवारचा सामना जवळ आला आहे.